हा कीटक कोणता?

मार्गशीर्ष महिना होता. सातारा जिल्ह्यातील एका खेडेगावच्या शाळेत मुलांनी लावलेले वालाचे वेल मांडवभर पसरले होते आणि शेंगांचे घोस खाली लोंबू लागले होते. एके दिवशी सकाळी वेलांना पाणी घालावयास गेलेल्या सातवीतील मुलींना कोवळ्या शेंड्यांवर बारीक काळ्या किड्यांची दाटी झालेली दिसली. तो मावा आहे, हे त्यांनी तत्काळ ओळखले. शेतकऱ्याच्या घरातील मुलांना मावा काही नवा नसतो. परंतु त्या दाटीतून आणखी एक प्राणी सावकाश फिरत होता, आणि तो मात्र त्यांच्यापैकी कोणीही पूर्वी पाहिलेला नव्हता.

साळीच्या दाण्याएवढी त्याची लांबी होती. रंग काळपट, पाठीवर पिवळसर पांढरे ठिपके, अंगावर बारीक काट्यांच्या ओळी, पुढच्या बाजूस रुंद व शेपटीकडे निमुळता होत गेलेला देह. "अगं बाई, हे तर सुसरीचे पिल्लू!" एक मुलगी उद्गारली. दुसरीने पाण्याची झारी खाली ठेवली व ती दोन पावले मागे सरली. हां हां म्हणता ही बातमी शाळाभर झाली. शाळेचे शिपाईमामा आले, त्यांनी वेलाकडे पाहिले आणि काही न बोलता ते कोठीतून औषध फवारण्याचा पंप घेऊन आले.

मामांचे चुकत होते असे नाही. मावा वेलाचा रस शोषतो, त्यामुळे शेंडे आकसतात, फुले गळतात आणि शेंगा पोसत नाहीत. त्या माव्यातच हा नवा प्राणी हिंडत होता. तेव्हा तोही वेलाचा वैरीच असणार, असे कोणालाही वाटले असते. शिवाय त्याचे रूप असे होते की, त्याच्यासाठी कोणी रदबदली करावी हे कोणाच्याही मनात येण्यासारखे नव्हते.

इतक्यात गुरुजी तेथे आले. ते म्हणाले, "मामा, घटकाभर थांबा. ज्याला आपण मारणार, तो कोण आहे हे तरी पाहू." मग मुलांकडे वळून त्यांनी विचारले, "याला पाय किती आहेत?"

"पुष्कळ आहेत, गुरुजी," चार-पाच मुले एकदम म्हणाली.

"मोजलेत का?"

कोणीच मोजले नव्हते. गुरुजींनी विज्ञानाच्या कपाटातील भिंग आणविले, शेंडा अलगद वाकवून धरला आणि एकेका मुलाला पाहावयास सांगितले. पाय सहाच होते. ते सहाही पुढच्या बाजूस, छातीशी होते. मागच्या लांबट भागाला एकही पाय नव्हता. ज्यांनी "पुष्कळ" असे सांगितले होते, त्यांनी पुन्हा एकदा भिंगातून पाहून खात्री करून घेतली.

अनोळखी प्राण्याचे पाय मोजणे ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु तिच्यामुळे निम्मे काम होऊन जाते. प्रौढ कीटकाला सहा पाय असतात, कमी नाहीत आणि अधिकही नाहीत. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की ओल्या मातीवर लाल मखमलीचा एक देखणा जीव फिरताना दिसतो. त्याला आपण मृगाचा किडा म्हणतो. त्याचे पाय मोजले तर ते आठ भरतात. लोकांनी त्याला किडा म्हटले, तरी तो कीटक नव्हे. तो कोळी, विंचू व गोचीड यांच्या गोतावळ्यातला आहे. वाणी आणि गोम यांचे पाय तर मोजता मोजता दमून जावे. तेही कीटक नव्हेत.

अळ्यांच्या बाबतीत थोडी अधिक काळजी घ्यावी लागते. फुलपाखरे व पतंग यांच्या अळ्यांना छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात आणि पोटाखाली मांसल आधारपाय असतात. या आधारपायांच्या फार तर पाच जोड्या असतात. उंटअळीला त्या कमी असतात. म्हणूनच ती पाठीची कमान करीत चालते. मोहरीच्या पानांवर एक काळसर अळी आढळते. तिच्या आधारपायांच्या आठ जोड्या भरतात, आणि तिच्यापासून फुलपाखरू न होता एक प्रकारची माशी तयार होते. घरमाशीच्या अळीला तर पायच नसतात. शाळेच्या वेलावरील प्राण्याला छातीशी सहा पाय होते व पोटाखाली एकही आधारपाय नव्हता. तेव्हा तो फुलपाखराची किंवा पतंगाची अळी नव्हे, इतके मुलांना त्याच ठिकाणी उभ्या उभ्या सांगता आले.

गुरुजींचा दुसरा प्रश्न पानांविषयी होता. "पानाला कोठे छिद्र पडले आहे का? कडा कुरतडली आहे का?"

मुलांनी सर्व शेंडे तपासले. पाने आकसली होती, चिकट झाली होती; पण एकही पान कुरतडलेले नव्हते.

"आता याचे तोंड पाहा," गुरुजी म्हणाले. भिंगाखाली त्या प्राण्याचे दोन बारीक जबडे कातरीच्या पात्यांसारखे हलताना दिसले. "याला जबडे आहेत, आणि पान तर कोणी खाल्लेले नाही. मग हा खातो काय?"

कोणी उत्तर दिले नाही. तेवढ्यात भिंग धरून बसलेली मुलगी ओरडली, "गुरुजी, याने मावा धरला!" त्या काळ्या प्राण्याने एक मावा जबड्यांत पकडला होता, आणि थोड्याच वेळात त्याचे नुसते टरफल मागे राहिले.

शिपाईमामांनी पंप खाली ठेवला. तथापि त्यांचे पूर्ण समाधान झाले नव्हते. "एक मावा खाल्ला म्हणून काय झाले, गुरुजी? असे किती खाणार हा?" असे ते म्हणाले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा त्या प्राण्याकडूनच घेणे बरे, असे ठरले. मुलींनी एका काचेच्या बरणीत वालाचा शेंडा ठेवला, त्यावर चाळीस मावे मोजून सोडले, तो प्राणी आत ठेवला आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजदाद केली तेव्हा सातच मावे शिल्लक होते. मग रोज सकाळी बरणीत नवा शेंडा ठेवण्याचे काम दोन मुलींनी आपणहून पत्करले.

वेलावरही त्यांचे लक्ष होतेच. तेथे त्यांना तसेच आणखी काही प्राणी आढळले. मुंग्यांची एक रांग मांडवाच्या खांबावरून शेंड्यांपर्यंत सतत ये-जा करीत असे. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड द्रव मुंग्यांना फार आवडतो, आणि त्यासाठी त्या माव्याची राखणही करतात. त्या काळ्या प्राण्याच्या अंगावर त्या धावून जात, त्याला चावू पाहत. माव्याच्या बाजूने मुंग्या भांडत होत्या, यावरूनही वेलाचा मित्र कोण हे ओळखता येण्यासारखे होते!

चौथ्या दिवशी बरणीतील प्राण्याने खाणे सोडले. त्याने आपले शेपटीकडील टोक पानाला चिकटविले, अंग वाकविले आणि तो निश्चल झाला. त्याची कातडी गळून खाली सरकली व आत एक फुगीर, पिवळसर गाठोडे दिसू लागले. तो मेला, असे समजून धाकटी मुले हळहळली. परंतु बरणी फेकून देण्यास मुलींनी नकार दिला. आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शाळेची घंटा होण्यापूर्वी मुली पाहतात तो ते गाठोडे फाटलेले होते व पानावर मसुराएवढा, गोल पाठीचा, फिकट पिवळा कीटक बसला होता. त्याच्या अंगावर एकही खूण नव्हती. मधल्या सुटीपर्यंत त्याच्या पाठीवर काळे नागमोडी पट्टे उमटले आणि पिवळा रंग नारिंगी होत गेला.

"अरे, हा तर ढालकिडा!" सगळी मुले एकदमच म्हणाली. त्याला तर ती लहानपणापासून पाहत आली होती. कितीकांनी त्याला हाताच्या बोटावर चढवून उडविले होते. आपल्या रोजच्या ओळखीच्या कीटकाचे बाळपण असे असते, हे मात्र त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

वेलाचे म्हणाल तर दोन-तीन शेंडे वाळलेच. परंतु बाकीच्या शेंड्यांवरील मावा पंधरवड्यात पुष्कळ कमी झाला आणि त्या वर्षी मांडवावर औषध फवारावे लागले नाही.

अनोळखी कीटक दिसला की माणसे बहुधा त्याचे नाव विचारतात. नाव विचारण्यात गैर काहीच नाही. परंतु केवळ रंगावरून किंवा भीतीने दिलेले नाव उपयोगी पडत नाही. स्वीडनमधील लिनियस या शास्त्रज्ञाने प्राण्यांना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत १७५८ साली सर्वत्र लागू केली. कीटकांची विभागणी करताना त्याने मुख्यतः पंख पाहिले. योहान फॅब्रिशियस हा त्याचाच शिष्य. पण त्याने पंखांऐवजी कीटकाच्या तोंडाची रचना पाहण्यावर भर दिला. गुरूने पंख पाहिले, शिष्याने तोंड पाहिले, आणि दोघांच्याही खुणा आज आपल्या कामी येतात. दोनच पंख असतील तर ती माशी किंवा डास. चार झिरझिरीत पंख आणि बारीक कंबर असेल तर ती मधमाशी किंवा गांधीलमाशी. पाठीवर दोन टणक झाकणे मिटलेली असतील तर तो भुंगेरा. ढालकिडा हा त्यांपैकीच होय. तोंडाच्या जागी सुईसारखी सोंड असेल तर तो मावा, ढेकूण यांच्यासारखा रस शोषणारा कीटक. जबडे असतील तर तो कुरतडणारा किंवा शिकार करणारा.

मुलांच्या बरणीतून बाहेर पडलेल्या ढालकिड्याला शास्त्रीय नाव याच फॅब्रिशियसने १७८१ साली दिले. त्या नावाचा अर्थ 'सहा ठिपक्यांचा' असा आहे. वास्तविक त्याच्या पाठीवर ठिपक्यांपेक्षा नागमोडी पट्टेच अधिक उठून दिसतात. पण एकदा दिलेले नाव सहसा बदलत नाही. त्यापूर्वी सहा वर्षे, १७७५ साली, फॅब्रिशियसने आणखी एका ढालकिड्याचे नामकरण केले होते. त्याचे नाव 'अठ्ठावीस ठिपक्यांचा'. हा आपल्याकडे वांग्याच्या झाडावर हमखास सापडतो. रूप तेच, गोल पाठ तीच, रंगही तांबूसच. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची थोरवी ऐकून ज्यांनी यालाही मित्र समजून वांग्यांवर राहू दिले, त्यांच्या झाडांची पाने थोड्याच दिवसांत चाळणीसारखी झाली! कारण हा ढालकिडा मावा खात नाही. तो व त्याची पिवळी काटेरी अळी पानाचा हिरवा गर खरवडून खातात आणि शिरांची जाळी तेवढी मागे ठेवतात. दोघांतील भेद बारीक आहे. मावा खाणाऱ्याची पाठ घासून चकचकीत केलेल्या भांड्यासारखी चमकते. वांग्यावरील ढालकिड्याच्या पाठीवर सूक्ष्म लव असते, म्हणून ती निस्तेज दिसते. परंतु सर्वांत सोपी खूण त्यांच्या अंगावर नसून पानावर असते. पान खरवडले आहे की नाही, हे आधी पाहावे.

वेषांतर करणारे कीटकही पुष्कळ आहेत. फुलांवर हवेत एका जागी तरंगत राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी पाहून मुले मधमाशी समजून दूर पळतात. तिचे पंख मोजले तर ते दोनच भरतात. ती सिरफिड माशी होय. तिला नांगी नसते, आणि तिच्या कित्येक जातींच्या अळ्या माव्यावरच जगतात. याहून नवलाची गोष्ट द्राक्षाच्या व सीताफळाच्या बागांत पाहावयास मिळते. तेथे पिठ्या ढेकूण नावाची कीड असते. तिच्या अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा मेणाचा थर असतो. तिला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणण्यात आला. या भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही तसेच पांढरे मेणाचे झुबके असतात. घाईने पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आणि किडीबरोबर किडीचा भक्षकही चिरडला जातो. थोडा वेळ नुसते पाहत बसले तर फरक कळतो. पिठ्या ढेकूण जागच्या जागी चिकटून असतो, अळी मात्र शिकारीसाठी धावत असते.

पाहणे म्हणजे हाताळणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. केसाळ सुरवंटाला हात लागला तर अंगाला खाज सुटते व पुरळ उठतो. बाजरीच्या कणसांवर व फुलांवर येणाऱ्या हिंगे नावाच्या भुंगेऱ्याच्या अंगातून एक दाहक द्रव निघतो. त्याने कातडीवर फोड येतात. तेव्हा अनोळखी कीटक चिमटीत धरू नये. पान किंवा कागद त्याच्यापुढे धरला की तो बहुधा आपणहून त्यावर चढतो. आता पुष्कळ घरांत मोबाईल असतो आणि छायाचित्र घेणे सोपे झाले आहे. परंतु एकट्या पाठीच्या छायाचित्रावरून तज्ज्ञालाही नाव सांगणे अनेकदा कठीण जाते. एक चित्र वरून, एक बाजूने पाय दिसतील असे, एक तो ज्या झाडावर आहे त्या पानाचे, आणि आकार समजावा म्हणून जवळ एखादे नाणे ठेवलेले, अशी चार चित्रे घेतली, आणि त्यांबरोबर दिवस, गाव व झाडाचे नाव लिहून ठेवले, तर कृषी महाविद्यालयातील जाणकाराला त्यावरून बरेच काही सांगता येते.

शाळेच्या मांडवावरील वेल थोडेच होते. परंतु हीच गोष्ट एकदा पश्चिम महाराष्ट्रातील हजारो शेतकऱ्यांच्या उसाच्या फडांत घडली. २००२ सालच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातील उसावर एक विलक्षण रोग पडल्यासारखा दिसू लागला. उसाच्या पानांच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेच्या कडेने, कापूस पिंजून चिकटवावा तशी पांढरी लोकर जमू लागली. खालची पाने चिकट झाली व पुढे काजळी फासल्यासारखी काळी पडली. काही महिन्यांतच ही पांढरी साथ कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत व शेजारच्या कर्नाटकातही पोहोचली. ऊस हे या भागाचे मोठे धन. त्यावर साखर कारखाने चालतात, मुलांची शिक्षणे होतात, घरांतील लग्नकार्ये होतात. हे काय आहे, हेच मुळी कोणाला कळेना, त्यामुळे घबराट अधिकच वाढली.

ती लोकर बाजूला सारून भिंगातून पाहिले, तेव्हा तिच्याखाली सोंड खुपसून बसलेले सूक्ष्म कीटक दिसले. तो मावाच होता. पण या भागात पूर्वी न आढळलेला. लोकर म्हणजे त्याच्याच अंगातून निघालेले मेणाचे तंतू होते, आणि पाने काळी पडत होती ती त्याच्या गोड द्रवावर वाढलेल्या बुरशीमुळे. शास्त्रज्ञांनी त्याची ओळख पटविली. झेंटनर नावाच्या शास्त्रज्ञाने या माव्याचे वर्णन १८९७ सालीच केले होते, आणि त्याच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा, 'लॅनिजेरा' याचा अर्थ 'लोकर बाळगणारा' असा होतो. १९५८ साली पश्चिम बंगालमध्ये त्याची नोंद झालेली होती. मराठीत त्याला लोकरी मावा हे नाव रूढ झाले.

नाव समजले, तरी उपाय सोपा नव्हता. वाढलेला ऊस पुरुषभर उंचीच्याही वर जातो; फडात शिरावयास वाट नसते; मावा पानाखाली लपलेला आणि त्याच्यावर मेणाचे पांघरूण. वरून फवारलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? या माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिलांना जन्म देतात, त्यामुळे थोडे जरी वाचले तरी त्यांची संख्या झपाट्याने वाढते. पंख फुटलेले मावे वाऱ्याबरोबर दुसऱ्या फडावर जातात ते वेगळेच.

अशातच काही फडांत त्या पांढऱ्या लोकरीतून एक लहान अळी आढळू लागली. ती लोकरीत रेशमी धाग्यांची जाळी विणून तिच्या आत राहत असे. आधीच मावा, त्यात ही अळी. एका संकटावर दुसरे आले, असे शेतकऱ्याला वाटले तर त्यात नवल नव्हते. या अळीचे पाय मोजले तर छातीशी तीन जोड्या आणि पोटाखाली आधारपाय, म्हणजे ती पतंगाचीच अळी. आणि पतंगांच्या बहुतेक अळ्या पाने, खोड किंवा फळे खाणाऱ्या असतात, हे शेतकऱ्याला अनुभवाने माहीत असते. उसाला पोखरणारी खोडकिडीची अळी ही पतंगाचीच असते. येथे केवळ पाय मोजून भागण्यासारखे नव्हते. पायांनी कूळ सांगितले. परंतु त्या कुळातील ही एक अळी काय करते, हे पाहण्यासाठी तिच्या जाळीत डोकावणेच भाग होते. जाळीत माव्यांच्या रिकाम्या कातड्या साचलेल्या होत्या. अळीने उसाच्या पानाला तोंड लावलेले नव्हते. ती लहानमोठे सर्व मावे खात होती.

तिचे नाव डिफा. काही लिखाणात ती कोनोबाथ्रा या नावानेही आढळते. दोन्ही ठिकाणी नावातील दुसरा शब्द एकच आहे, 'ॲफिडीव्होरा'. त्याचा अर्थ 'मावा खाणारी'. ज्याने तिचे नाव ठेवले, त्याने तिचा आहारच नावात नोंदवून ठेवला होता. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा, तपकिरी जाळीदार पंखांचा एक लहानसा कीटकही फडांत सापडला. त्याची निमुळती अळी आपल्या टोकदार जबड्यांनी माव्याला धरून त्यातील रस शोषून घेते.

मग उपाय बदलला. जेथे डिफा व मायक्रोमस दिसतील तेथे विषारी औषधे फवारू नयेत, असे शेतकऱ्यांना सांगण्यात येऊ लागले, कारण औषधाने पांघरुणाखालचा मावा वाचतो आणि उघड्यावर फिरणारे त्याचे भक्षक आधी मरतात. डिफाच्या हेक्टरी १,००० किंवा मायक्रोमसच्या हेक्टरी २,५०० अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस झाली. उसावर जाळीचे मांडव घालून त्यांखाली या कीटकांची पैदास करण्यात आली. निसर्गातही त्यांची संख्या वाढतच होती. पुढील दोन-तीन वर्षांत लोकरी माव्याचा जोर बराच ओसरला. तो नाहीसा झाला असे मात्र नाही; ढगाळ व दमट हवेत तो अजूनही अधूनमधून डोके वर काढतो.

एका फडातील डिफा दुसऱ्या फडात न्यावयाची असेल तर ती ज्या पानावर असेल ते पानच कापून न्यावे लागते व नव्या फडातील मावा पडलेल्या पानाला अडकवावे लागते. ही पाने निवडण्याचे काम मात्र डोळ्यांत तेल घालून करावयाचे असते. ज्या पानाखालची लोकर धाग्यांच्या जाळीत गुरफटलेली आहे आणि जिच्या आत अळी हालताना दिसते, तेवढेच पान घ्यावयाचे. नुसत्या पांढऱ्या लोकरीचे पान नेले, तर ज्या फडाला वाचवावयाचे त्यातच आणखी मावा नेऊन सोडल्यासारखे होते.